जुलै बापाचा, ऑगस्ट आईचा

म्यूरिए कॅम्प, सेझ नदीकाठ
२७ जुलै १९८६

प्रिय सासूबाई,

आधी 'माजी सासूबाई' लिहिणार होतो. पण कोर्टानं मला मार्तीनपासून मोकळं केलं, तुमच्यापासून केल्याचं कुठे वाचलं नाही. तेव्हा नेहमीचंच चालू ठेवतो.

आम्ही बापलेक मजेत आहोत. डेपोतल्या आम्हा ड्रायव्हरांसाठी समुद्रावर जो कॅम्प आहे, तिथे यंदा इतकी दाटीवाटीची गर्दी, की शेजारच्या तंबूतला घोरायला लागला की आपण कूस बदलायची. म्हणून मागच्या आठवड्यात तंबू गुंडाळला आणि इथे नदीकाठी आलो. छोटासा कॅम्प आहे, तुतीच्या झाडांखाली. मालकीण मादाम रूव्हिएर. तिनं विचारलं, "किती दिवस मुक्काम?" मी म्हटलं, "कंटाळा येईपर्यंत." ती म्हणाली, "मग ऑक्टोबरात मलाच हाकलावं लागणार म्हणायचं." सकाळी तिच्या खिडकीवरून पाव आणायचा, दुपारी नदीत पडायचं, संध्याकाळी पेताँक खेळायचं, म्हणजे मातीत लोखंडी गोळे टाकायचे. ऑरेली आता दंडांना हवेचे फुगे न बांधता पोहते. पाण्यात पाय टेकत नाही तिथेसुद्धा. तुम्ही बघायला हव्या होतात.

आता कामाचं. गाडीचा क्लच गेला आहे. गावात गॅरेज एकच आणि त्याच्या दारावर पाटी लटकते आहे, वार्षिक सुट्टी, सप्टेंबरात उघडेल. त्यामुळे पहिल्या तारखेला दुपारी तुमच्या दारात ऑरेलीला मार्तीनच्या हवाली करायचं ठरलंय, ते जमणार नाही. तेवढं तिला तुम्हीच सांगा. माझा आवाज ऐकला की ती आधी चिडते आणि मग ऐकते.

आणि एक. हा पत्ता फक्त तुमच्यापाशी ठेवा. मार्तीनला कळला तर ती जेरारला पाठवील, आणि तो हातरुमालाला हात पुसत पुसत माझा क्लच दुरुस्त करून दाखवील. बायको गेली ती गेली, निदान माझी गाडी तरी त्याच्या हाती लागू नये.

तुमचा,
रेजिस

*

सेंत-एतिएन
३१ जुलै

रेजिस,

तुझं पत्र मिळालं. निरोप दिला. शेजारच्या बेकरीत तुझा फोन आला होता असं सांगितलं, पत्त्याचा शब्दही तोंडातून काढला नाही. मार्तीन म्हणाली, "त्याची गाडी बरोबर पहिल्या तारखेलाच बरी बिघडते!" मी म्हटलं, गाड्यांना तारखा कळत नाहीत. बघ, तुझ्यासाठी मी पोटच्या पोरीशी हुज्जत घातली.

पण गाडी बिघडली म्हणजे आगगाड्या बंद पडल्या असं नाही. दोन दिवसांत तिला घेऊन गाडीत बस. इथे मार्तीन-जेरारच्या सामानाचे खोके बांधून झाले, बोटीनं पुढे गेलेसुद्धा. विमान चोवीस तारखेचं आहे. रेयुनियों बेट मी नकाशात शोधलं. आफ्रिका संपते, तिच्या पुढे समुद्रात माशी बसावी तसा ठिपका. त्या ठिपक्यावरच्या शाळेत जेरारला नोकरी लागली, आणि त्या शाळेपायी माझी नात चालली. मार्तीन म्हणते, "दर दोन उन्हाळ्यांनी येऊच की." दोन उन्हाळ्यांनी मी असेन की नसेन, ते कुणी मला विचारत नाही.

मी मूर्खासारखी लोकरीचा स्वेटर विणत बसले आहे. तिथे बारा महिने उकाडा.

तिला इकडे आण. हातात आहेत तेवढे दिवस तरी मला तिला पोटभर बघू दे.

ओदेत

*

म्यूरिए कॅम्प
४ ऑगस्ट

प्रिय सासूबाई,

तुम्ही मार्तीनशी हुज्जत घातलीत हे वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. म्हणून खरं लिहितो. गाडीला काहीही झालेलं नाही. मी ऑरेलीला परत आणणार नाही.

कोर्टाच्या कागदावर एक ओळ आहे, जुलै बापाचा, ऑगस्ट आईचा. एवढी वर्षं ती ओळ मी पाळली. दर एकतीस जुलैला तिची पिशवी भरली, दुसऱ्या दिवशी केस विंचरून दिले, तुमच्या दारात उभा राहिलो. कारण पुढचा जुलै येणार हे ठाऊक असायचं. आता कुठला पुढचा जुलै? समुद्रापलीकडे मी बस घेऊन जाऊ?

पहिल्या तारखेचं सांगतो. इथे त्या दिवशी सगळा कॅम्प उठतो. जुलैवाले सकाळीच टपांवर सामान चढवतात, गळाभेटी होतात आणि दुपारपर्यंत ऑगस्टवाले त्याच जागांवर खुंट्या ठोकायला लागतात. ऑरेलीनं आपली पिशवी स्वतःच भरली आणि गाडीपाशी जाऊन पिशवीवर बसून राहिली. म्हणाली, "पप्पा, चला ना. आजपासून मम्मीची पाळी."

मी म्हटलं, "मम्मीनं यंदा ऑगस्टसुद्धा मला दिला."

"सगळा?"

"सगळा."

ती म्हणाली, "मग तिला काय उरलं?"

मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. आठ वर्षांच्या पोरीला आइस्क्रीम दिलं की ती विसरते, असं मला अजून वाटतं म्हणजे बघा.

चोवीस तारखेचं विमान उडून जाऊ दे. ती त्यात नसेल तर मार्तीनला थांबावंच लागेल, मग बोलता येईल. आत्ता माझं कोण ऐकतं? मला दुसरा रस्ता दिसत नाही. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, आणि दिवसा मी चेहऱ्यावर हसू चिकटवून शेजाऱ्यांबरोबर पास्तिसची दारू पीत बसतो. सगळे म्हणतात, "काय नशीब हो तुमचं, एवढी लांब सुट्टी!"

तुम्ही फक्त गप्प राहा. नात तुमचीही जाते आहे. हात जोडतो.

रेजिस

*

सेंत-एतिएन
८ ऑगस्ट

रेजिस,

तुझं पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी मला आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला. क्षणभर वाटलं, बरं केलंस, पोरगी इथेच राहील. मग मार्तीन आली.

ती रोज येते आहे. डेपोच्या कॅम्पवर तिनं फोन केला. तुम्ही वीस जुलैलाच तिथून निघालात असं कळल्यापासून तिच्या जिवाला थारा नाही. तू पोरीला पळवलंस असं ती म्हणत नाही, गाढवा. ती म्हणते, क्लच गेलेला नसेल, ब्रेक गेला असेल, कुठल्यातरी घाटात गाडी पडली असेल आणि कुणी बघितली नसेल. तिकडच्या इस्पितळांना एकेक करून फोन लावते. जेरार म्हणाला, "पोलिसांत सांगूया, त्यानं पोरगी लपवली आहे." तर माझ्यादेखत त्याच्यावर ओरडली, "रेजिस कसाही असला तरी असलं करणार नाही!"

ऐकलंस? तुझी बाजू तिनं घेतली. आणि मी तिथे मान खाली घालून मटार सोलत बसले होते. माझ्या एप्रनच्या खिशात तुझं पत्र होतं. तिनं विचारलं, "आई, तुला काहीच कसं कळलं नाही गं?" मी म्हटलं, "मला म्हातारीला कोण काय कळवतंय." साठी उलटल्यावर पोटच्या पोरीशी इतकं धडधडीत खोटं बोलायची पाळी तू माझ्यावर आणलीस.

परत ये. अजून काही बिघडलेलं नाही. गाडीचं खोटं मी निभावून नेईन, गॅरेजवाल्याला शिव्या घालीन, हवं तर तुझ्यासाठी जेरारच्या पाया पडेन. नाताळ तुझा आणि जुलै-ऑगस्ट दोन्ही तुझे, एवढं मी मार्तीनकडून कबूल करून घेते. ती आत्ता इतकी घाबरली आहे की लेक जिवंत दिसली तर काहीही देईल. पण तू स्वतः आणलीस तरच.

ओदेत

*

म्यूरिए कॅम्प
१२ ऑगस्ट

प्रिय सासूबाई,

नाताळाचं कबूल करून घ्याल, आणि बेटावर गेल्यावर विमानाचं भाडं महाग म्हणून ती पत्र पाठवील. मग मी कुणाकडे दाद मागू? तुमच्याकडे? तुम्हालाच ती दोन वर्षं दिसायची नाही.

मार्तीनचं वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? ती माझी बाजू घेते हे तर मला वाचवेना. पण ऑगस्टभर तिच्या जिवाला जे होतंय ते मला जन्मभर व्हायचं आहे, हेही तुम्ही बघा.

एक आनंदाची बातमी. रविवारी कॅम्पवर जोड्यांची पेताँक स्पर्धा झाली. मी आणि ऑरेली उतरलो आणि दुसरे आलो! शेवटच्या डावात तिनं असा गोळा टाकला, की मार्सेयचा एक म्हातारा टोपी काढून म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्याशी लग्न करा." बक्षिसाला अख्खं हॅम मिळालं. आज इथल्या पेपरात फोटो आला आहे, खाली दोघांची नावं आणि कॅम्पचं नावसुद्धा. कात्रण सोबत पाठवतो. लपून बसलेल्या माणसानं पेपरात फोटो द्यावा, हा शहाणपणा माझाच. पण फोटोवाला "बाप-लेक जवळ या" म्हणाला आणि मला नाही म्हणवेना. आणि सेंत-एतिएनमध्ये हा पेपर वाचतंय कोण?

ऑरेली आता मम्मीचं विचारत नाही. पहिले काही दिवस सारखं विचारायची, आता बंद. रुळली बघा पोरगी. पिशवीसुद्धा रिकामी करून टाकली तिनं.

रेजिस

*

सेंत-एतिएन
१४ ऑगस्ट, संध्याकाळ

रेजिस,

कात्रण आज मिळालं. चष्मा लावून बघितलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं. तू हॅम डोक्यावर धरून दात काढतो आहेस. तुझ्या लेकीकडे बघितलंस का? ती फोटोवाल्याकडे बघत नाही, तुझ्याकडेही बघत नाही. कुठेतरी बाजूला, लांब बघते आहे, कुणी येतंय का म्हणून.

रुळली म्हणतोस? मार्तीन एवढीच होती तेव्हा तिचा बाप खाणीत गेला तो वर आलाच नाही. मी तिला सांगत होते, उशीर होतोय, कामाची पाळी वाढवली आहे. आधी ती सारखी विचारायची, मग थांबली. शेजारणी म्हणाल्या, रुळली. अरे, मूल विचारायचं थांबतं ते आपण खोटं बोलतोय हे त्याला कळतं म्हणून. ते आपल्यालाच सांभाळून घेत असतं.

तेव्हा आता नीट ऐक. रविवारी मार्तीन आणि जेरार माझ्याकडे जेवायला येणार आहेत. त्या दिवशी मी हे कात्रण जेवणघरातल्या कपाटावर ठेवणार, काचेच्या भांड्याला टेकवून, तिच्या खुर्चीच्या समोर. तोंडानं सांगायचं धाडस माझ्यात नाही, पण कात्रण ठेवण्याएवढं आहे. रविवारी दुपारच्या आत तू ऑरेलीला घेऊन माझ्या दारात आलास, तर कात्रण चुलीत जाईल आणि कुणाला काही कळणार नाही. मार्तीनशी मी बोलले आहे. म्हटलं, समज तो उद्या आला, तर तू काय देशील? म्हणाली, "आई, सगळे उन्हाळे देईन." तिचे शब्द आहेत, माझे नाहीत.

तार केली असती, पण तारेच्या खिडकीवर मार्तीनची शाळेतली मैत्रीण बसते. कॅम्पवर फोन करावा तर तुमच्या त्या बूथवरून फक्त बाहेर फोन लावता येतो, तिथे फोन येत नाही. म्हणून आत्ताच जाऊन हे पेटीत टाकते. उद्या नाहीतर परवा तुझ्या हातात पडेल. परवा जरी निघालास तरी पोचशील.

रेजिस, बाळा, ये. मी जेवायला पाच पानं मांडणार आहे.

ओदेत

*

सेंत-एतिएन
१७ ऑगस्ट, रविवार

रेजिस,

तू आला नाहीस.

पाच पानं मांडली. मार्तीननं विचारलं, "आणखी कोण येतंय?" मी म्हटलं, सवयीनं मांडली. रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की मी पडद्यापाशी जायची. चुलीवर ठेवलेला ससा करपला. शेवटी चीज आणताना कात्रण कपाटावर टेकवलं. मार्तीन परत खुर्चीत बसली, तेव्हा तिचं लक्ष गेलं.

आधी ती हसली. "आई, ही आमची ऑरेली!" जणू हरवलेला फोटो सापडला. मग खालच्या ओळी वाचल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली नाही, तेवढं तरी केलं. तिनं ना आरडाओरडा केला ना काही. एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं." आणि कोट घेतला. जेरारनं बेकरीत जाऊन तुमच्या बाजूच्या पोलिसांना फोन केला. आता ते दोघे गाडीनं तिकडे निघाले आहेत.

मी तुला वेळ दिला होता. हात जोडून दिला होता. तू माझं पत्र वाचलंस आणि नदीवर पोहायला गेलास. आज मी लेकही घालवली आणि नातही. आता तुझ्याकडे मला मागण्यासारखं काही राहिलं नाही, आणि तूही माझ्याकडे काही मागू नकोस.

ओदेत ब्रुनेल

*

म्यूरिए कॅम्प
२० ऑगस्ट

प्रिय सासूबाई,

तुमचं रविवारचं पत्र आज आलं. मी पत्र वाचून नदीवर पोहायला गेलो नाही. तुमचं चौदा तारखेचं पत्र मला सोमवारी मिळालं, ते सगळे निघून गेल्यावर. पाकिटावरचा शिक्का सोळाचा आहे. तुम्ही गुरुवारी संध्याकाळी पेटीत टाकलंत, तोवर शेवटची टपालगाडी गेली असणार. आणि शुक्रवारी पंधरा ऑगस्ट. अहो, दर वर्षी त्या दिवशी तुम्ही मारियामातेच्या मिरवणुकीत मेणबत्ती घेऊन चालता आणि यंदा तोच दिवस विसरलात! अख्खा देश सुट्टीवर होता. इथला पोस्टमन तर जोडसुट्टी घेऊन थेट सोमवारीच उगवला.

हे वाचून तुम्ही स्वतःला दोष देत बसाल, म्हणून पुढचं लिहितो. ते वाचल्यावर तुमच्या मनात माझ्याबद्दल उरलंसुरलं असेल तेही जाईल. पण तुम्ही रडत बसण्यापेक्षा ते परवडलं.

पत्र शनिवारी मिळालं असतं तर मी आलो नसतो. सोमवारी ते हातात घेऊन, रिकाम्या तंबूत बसून मी स्वतःला हेच विचारत होतो. मला ठाऊक आहे मी काय केलं असतं. रविवारी कात्रण दिसणार एवढं कळताच मी तंबू उपटला असता आणि संध्याकाळच्या आत स्पेनमध्ये शिरलो असतो. नकाशा आणून ठेवला होता. तुम्ही मला सावध केलं असतंत आणि मी त्या सावधपणाचा उपयोग पळायला केला असता. पत्राला उशीर झाला म्हणून तुमची नात सापडली. तेव्हा मार्तीनला हे पत्र दाखवा. तिला म्हणावं, आईनं तुझी पोरगी तुला परत दिली. माझ्याकडून एवढं एक तरी होऊ द्या, ती तुमच्याशी बोलायला लागू द्या.

न्यायाधीशांपुढे सप्टेंबरात उभं राहायचं आहे. वकील म्हणतो, काही वर्षं तरी भेट विसरा. रविवारी विमानतळाच्या आसपास दिसायचं नाही असं पोलिसांनी बजावलं आहे. मी दिसणार नाही. मला आता कशाचीच आशा नाही, हे मात्र सांगून टाकतो. इथेच तंबूत पडून असतो. मादाम रूव्हिएर सकाळी पाव आणून ठेवते, संध्याकाळी तसाच परत नेते.

आता सोमवारचं. मार्तीन तुम्हाला सांगेल, पण ती लांब उभी होती, तिला सगळं दिसलं नसेल.

सकाळी आम्ही दोघं खिडकीसमोर पावाच्या रांगेत होतो. फाटकापाशी निळी गाडी थांबली. दोन पोलीस उतरले, मागच्या गाडीतून मार्तीन. कपडे चुरगळलेले होते, रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. मार्तीननं हाक मारली, "ऑरेली!"

पोरगी हलली नाही. दोन्ही हातांनी पाव छातीशी धरून उभीच. पोलिसाला वाटलं, बापाला घाबरते आहे. तो माझ्या दिशेनं आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा बाजूला व्हा." पण ती घाबरलेली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तिला जायचं होतं, सासूबाई, फार जायचं होतं, आणि मला वाईट वाटेल म्हणून ती थांबली होती. ते सगळे दिवस ती अशीच थांबली होती. आपल्या आईकडे धावायला माझ्या लेकीला माझी परवानगी हवी होती.

मी म्हटलं, जा. दोनदा म्हणावं लागलं. मग तिनं पाव माझ्या हातात दिला आणि ती धावत सुटली.

रेजिस